शाहीनबाईंची चिठ्ठी

भावनाबाई तायड्यांना आठवड्याला एक खून लागायचा. पुस्तकातला, अर्थात. एरवी बाई इतक्या मवाळ, की घरात झुरळ निघालं तरी त्याला सुपलीवर घेऊन अंगणात सोडून यायच्या. अकोल्याच्या टपाल खात्यात एकतीस वर्षं त्यांनी पत्रं वेगळी करायचं काम केलं. पावसात भिजलेला, पिनकोड नसलेला, 'मामाचं घर, विहिरीजवळ, तेल्हारा' एवढ्याच पत्त्याचा लिफाफासुद्धा त्यांच्या हातून बरोबर मामाच्या घरी जायचा. अक्षर आणि तारखेचा शिक्का ह्या दोन गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटत नसत. लग्न केलं नाही. आई सुंदराबाईंना सांभाळलं, धाकटा भाऊ सुगत ह्याला शिकवून नोकरीला लावलं, आणि उरलेला सगळा जीव रहस्यकथांवर टाकला.

आणि शाहीनबाईंवर.

शाहीनबाई उर्दू शाळेत मराठी शिकवायच्या. दोघींची ओळख झाली ती गयासुद्दीनच्या दुकानात, एकाच कादंबरीला दोन बाजूंनी हात घालून. गयासुद्दीन धंद्यानं बाइंडर. शाळांचे हजेरीपट, दुकानदारांच्या वह्या, वाचनालयांची फाटकी पुस्तकं शिवायचा आणि रद्दीतून निघालेल्या कादंबऱ्या बाहेरच्या फळीवर विकायला ठेवायचा. त्या दिवशी पुस्तक एक, गिऱ्हाईकं दोन, आणि सोडायला एकही तयार नाही. शेवटी तो वैतागून म्हणाला, "लाओ, काट के देता हूँ. आधी इनको, आधी उनको."

दोघींना वाटलं, मस्करी करतोय. पण त्यानं खरोखरच पुस्तक मधोमध उसवलं, दोन वेगळ्या पुठ्ठ्यांत शिवलं आणि दोघींच्या हातात एकेक ठेवलं. उत्तरार्ध कुणाच्या हातात आला, तर शाहीनबाईंच्या. त्यांनी तो उघडला नाही. परत गयासुद्दीनच्या गल्ल्यापाशी ठेवला आणि म्हणाल्या, "हे तुमच्यापाशी राहू द्या. आदी आमी दोघी खुनी ओळखतो, मंग मागतो."

इथून तो खेळ सुरू झाला, आणि बत्तीस वर्षं चालला. पूर्वार्ध आधी भावनाबाईंनी वाचायचा, मग शाहीनबाईंनी. प्रत्येकीनं खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, खाली तारीख घालायची, चिठ्ठीला खळ लावायची आणि गयासुद्दीनच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. दोन्ही चिठ्ठ्या पडल्याशिवाय तो उत्तरार्ध काही केल्या द्यायचा नाही. एकदा भावनाबाईंना ताप होता म्हणून त्यांनी निरोप्या पाठवला, तर त्यालाही त्यानं हात हलवत परत पाठवलं. दोघींचा शेवट वाचून झाला की दुकानात चिठ्ठ्या फुटायच्या. गयासुद्दीन त्या मोठ्यानं वाचायचा, आणि वह्या न्यायला आलेले लोकसुद्धा काम विसरून ऐकत उभे राहायचे.

शाहीनबाईंची चिठ्ठी चुकत नसे. दहातल्या नऊ वेळा त्यांचं नाव बरोबर निघायचं, आणि दहाव्या वेळी त्यांचं डोकं दुखत असायचं. भावनाबाईंचं दहातलं तीनदा जमायचं. दुसरी एखादी जळली असती. भावनाबाई उलट मिरवायच्या. पोस्टात डबा खाताना सांगायच्या, "आमच्या शाहीनले शंभर पानं द्या फक्त. पोलिसवाल्याइनं पाय धरावे असं डोकं हाय तिचं." स्वतःच्या हुशारीबद्दल ह्या बाई कधी चार शब्द बोलल्या नाहीत. मैत्रिणीच्या हुशारीवर मात्र त्यांनी घर बांधलं.

आणि त्या घरापायी स्वतःचं घर मोडलं. ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढच्या साऱ्याला काही अर्थ नाही.

अकरा वर्षांपूर्वी सुंदराबाई गेल्या. जलदान विधीच्या आदल्या दिवशी सुगतची बायको प्राजक्ता आतल्या खोलीत कपाट आवरत होती. ती बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "ताई, आईची एकदाणी डबीत नाई." सोन्याच्या मण्यांची ती माळ, सुंदराबाईंनी शेतमजुरीच्या पैशातून एकेक मणी करून गुंफलेली. घर पाहुण्यांनी गच्च भरलेलं. गाद्या उलट्या केल्या, धान्याचे डबे रिकामे केले, काही सापडलं नाही. संध्याकाळी शाहीनबाई भेटायला आल्या तेव्हा भावनाबाईंनी त्यांना हाताला धरून मागच्या अंगणात नेलं.

"शाहीन, माहं डोकं चालून नाई राहिलं. तू सांग. कोण?"

शाहीनबाईंनी दोन-तीन प्रश्न विचारले. खोलीत कोण कोण गेलं? डबी कुठं होती? पहिल्यांदा कोणाच्या ध्यानात आलं? मग म्हणाल्या, "जिच्या आदी ध्यानात आलं, तिलेच विचार. एवढ्या गडबडीत तिनं कपाट उघडलंच काहून?"

भावनाबाईंनी विचारलं. चार पाहुण्यांसमोर विचारलं. प्राजक्ता एवढंच म्हणाली, "ताई, मी नाई घेतली." सुगतनं बहिणीकडं पाहिलं. "ताई, तुले खरंच वाटते?"

"शाहीन चुकत नाई," भावनाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी विधी झाला. सुगत जेवायला थांबला नाही. बायकोला आणि नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन तो अमरावतीला निघून गेला. ती पोर रात्री आत्याच्याच अंथरुणात झोपायची. रिक्षा वळेपर्यंत ती मागं बघत होती. त्यानंतर दर चौदा एप्रिलला सुगतचा फोन यायचा. "जयभीम ताई." "जयभीम." "तब्येत?" "बरी हाय." तेवढंच. एकदाणी कधीच सापडली नाही. पोर आता वीस वर्षांची असेल, भावनाबाईंना तिचा चेहरा माहीत नाही. ह्या सगळ्याचं दुःख होतं, पण शंका नव्हती. शंका यायची वेळ आलीच, तर शाहीन चुकत नाही, हे वाक्य हाताशी तयार असायचं. ते त्यांना पुरायचं.

तर असो. दोघी निवृत्त झाल्या, आणि नवीनच पंचाईत उभी राहिली. पुस्तकं संपली.

म्हणजे अकोल्यातली रहस्यं संपली. गयासुद्दीनची फळी दोघींनी कधीच फस्त केली होती. वाचनालयात चौकशी करावी तर तिथं आता स्पर्धापरीक्षेची जाडजूड पुस्तकं आणि त्यांच्यापुढे मान खाली घालून बसलेली पोरं. नवीन रहस्यकथा आहे का, म्हटलं तर ग्रंथपाल चष्म्यावरून बघायचे आणि बाईंचं वय मोजायचे. बाळापूरच्या आठवडी बाजारात एक म्हातारा जुनी पुस्तकं घेऊन बसतो असं ऐकून भावनाबाई भर उन्हात तिथं गेल्या, तर त्याच्याकडं पंचांग आणि पाककृती. अमरावतीच्या पुस्तक प्रदर्शनाची जाहिरात यायची, ती त्या पूर्ण वाचायच्या आणि घडी घालून ठेवून द्यायच्या. अमरावतीला जायचं म्हणजे सुगतच्या गावात जायचं, आणि तिकडं पाय उचलत नसत.

अशा वेळी शाहीनबाई नेहमी एक वाक्य टाकायच्या. "उर्दूत खजिना हाय वो भावना. शेकड्यानं हायेत. पण तुले वाचता येत नाई ना."

हे त्या तीस वर्षं म्हणत आल्या होत्या. एके दिवशी भावनाबाईंच्या डोक्यात आलं, की साठाव्या वर्षी माणूस मधुमेहाच्या गोळ्यांची नावं पाठ करतो, मग अडतीस अक्षरं काय जड आहेत? गयासुद्दीनची बायको हलीमाबी घरी मोहल्ल्यातल्या लहान मुलांना उर्दू वाचायला शिकवायची. भावनाबाई तिच्याकडं जाऊन पोरांच्या रांगेत शेवटी बसल्या. आठ महिने, रोज दुपारी. उजवीकडून डावीकडं वाचताना सुरुवातीला त्यांची मान दुखायची. एकाच अक्षराची तोंडाशी, मधे आणि शेपटीला वेगळी रूपं बघून त्या चिडायच्या. "काय वो हलीमाबी, हे अक्षर हाय का बहुरूपी?" हलीमाबी हसायची आणि छडीनं पाटीवर पुन्हा तेच अक्षर दाखवायची.

शाहीनला मात्र सांगायचं नाही, अशी त्यांनी दोघा नवराबायकोला शपथ घातली होती. ईदला तिच्या घरी जायचं, समोर बसायचं आणि एक अख्खं पान खाडखाड वाचून दाखवायचं. म्हणून उर्दूत त्या पहिलं नाव लिहायला शिकल्या ते स्वतःचं नाही, शाहीनचं.

ईदला पंधरा दिवस होते. शाहीनबाईंच्या उर्दू शाळेनं जुनं कपाट मोकळं केलं आणि वाचनालयाची फाटकी पुस्तकं गोणीत भरून गयासुद्दीनकडे टाकली. त्यानं गोणी भावनाबाईंपुढं सरकवली. "लो बाई. जितना मंगता उतना खून है इसमें."

भावनाबाईंनी वरचंच पुस्तक उचललं आणि दुकानातल्या स्टुलावर बसून वाचायला घेतलं. पहिलं पान संपायला अर्धा तास लागला. मसूरीतला बंगला. आंधळे, श्रीमंत काका. त्यांना रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायला येणारी एक गरीब बाई. चौदाव्या पानापर्यंत पोचायला तीन दिवस गेले, आणि चौदाव्या पानावर भावनाबाई थांबल्या. त्यांना खुनी माहीत होता. ती वर्तमानपत्र वाचणारीच. ती काकांना पत्रं खोटी वाचून दाखवते, आणि पकडली जायची वेळ आल्यावर त्यांना मारते. हीच गोष्ट त्यांनी मराठीत वाचली होती. तिथं बंगला महाबळेश्वरला होता आणि काकांचं आडनाव देशस्थ होतं, एवढाच फरक.

त्या आधी खुदकन हसल्या. परगावच्या स्टँडवर आपल्या गल्लीतलं कुणी भेटावं तसा त्यांना आनंद झाला. समुद्रापलीकडच्या एखाद्या पुस्तकावर मराठीवाल्यानं हात मारला, उर्दूवाल्यानंही मारला, आणि दोघांनी आपापली नावं लावली! हे शाहीनला सांगायलाच हवं. शाहीन किती हसेल. ह्या विचारात त्यांनी सवयीनं पुस्तक उलटवून मागचा कागद पाहिला. वाचनालयाच्या पुस्तकाला मागं चिकटवलेला असतो ना, कुणी नेलं, कधी नेलं, तो.

त्यावर एक सही होती. ती त्यांना वाचावीसुद्धा लागली नाही. ते नाव लिहिताना त्यांनी पाटी भरून काढली होती.

तारीख होती बारा जुलै अठ्ठ्याण्णव.

भावनाबाई तो कागद बघत राहिल्या. मग त्यांनी गयासुद्दीनला विचारलं, "चाचा, त्या डब्यातल्या चिठ्ठ्या फेकल्या का हो तुमी?"

"बाइंडर कागज फेकता क्या, बाई?" त्यानं माळ्यावरून सुतळीत ओवलेला गठ्ठा काढला. दोघींच्या चिठ्ठ्या जोडीजोडीनं टाचलेल्या, पुस्तकाच्या नावासकट. महाबळेश्वरच्या बंगल्याची जोडी सापडायला वेळ लागला नाही. भावनाबाईंच्या चिठ्ठीवर मुनीमजीचं नाव होतं, तारीख नऊ जुलै. पूर्वार्ध त्यांनी त्याच दिवशी शाहीनबाईंना दिला होता. शाहीनबाईंच्या चिठ्ठीवर होतं, 'पेपर वाचणारी बाई'. तारीख पंधरा.

नऊला पूर्वार्ध हातात. बाराला उर्दू पुस्तक घरी. पंधराला चिठ्ठी.

एकदा होतं, भावनाबाई स्वतःला म्हणाल्या. मोह होतो माणसाला. आणि त्यांनी गोणी जमिनीवर उपडी केली.

पुढचे आठ दिवस त्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून होत्या. एकेका पुस्तकाची पहिली दहा पानं आणि शेवटची चार, बोट ठेवून, ओठ हलवत. हलीमाबी अडेल तिथं सांगायची, पण काय चाललंय हे तिनं विचारलं नाही. गोणीतून सात पुस्तकं ओळखीची निघाली. सातांच्याही मागच्या कागदावर तीच सही. सातही वेळा तारीख पूर्वार्ध मिळाल्यानंतरची आणि चिठ्ठी टाकायच्या आधीची. मग एकेक आठवत गेलं. फळीवरून पुस्तक निवडायच्या नेहमी शाहीनबाई. "हे नको, ह्यात दम नाई," म्हणून बाजूला टाकायच्या त्याही त्याच. दहाव्या वेळची डोकेदुखीसुद्धा आठवली. त्या वेळी बहुतेक कपाटात जोडीदार सापडला नसावा.

भावनाबाईंना ह्याचा राग आलाच. पण तो गिळता आला असता. सातवं पुस्तक गिळता आलं नाही. त्यावरची तारीख होती सुंदराबाई जायच्या पंधरा दिवस आधीची. त्यात एका हवेलीत हार चोरीला जातो, एक खून पडतो, आणि शेवटी डिटेक्टिव्ह सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून सांगतो, की हार नाही हे जिच्या पहिल्यांदा ध्यानात आलं, तिनंच तो नेला.

आईची एकदाणी. प्राजक्ता. 'जिच्या आदी ध्यानात आलं, तिलेच विचार.'

आणि हे पुस्तक त्यांनी स्वतःही मराठीत वाचलं होतं. त्याच महिन्यात. त्यांच्या कसं ध्यानात आलं नाही?

ईदला भावनाबाई शाहीनबाईंकडे गेल्या. पिशवीत मसूरीच्या बंगल्याचं पुस्तक होतं. शीरखुर्म्याची वाटी पुढं आली, ती त्यांनी बाजूला ठेवली आणि पुस्तक काढून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. अडखळत, पण स्पष्ट. शाहीनबाईंच्या हातातला चमचा थांबला.

"या अल्ला! तू कवा शिकली वो?"

"आठ महिने झाले. तुह्यासाठी शिकली."

शाहीनबाईंचे डोळे भरून आले. त्या उठून भावनाबाईंच्या जवळ येऊन बसल्या, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. भावनाबाईंना तो हात सहन होईना. त्यांनी पुस्तक उलटवलं आणि मागचा कागद वाचला. नाव वाचलं. तारीख वाचली. मग पिशवीतून टाचलेल्या चिठ्ठ्यांची जोडी काढून त्याच्या शेजारी ठेवली, आणि खाली बाकीच्या सहा पुस्तकांच्या मागचे कागद.

खांद्यावरचा हात निघाला. शाहीनबाई म्हणाल्या, "पहिल्यांदा मुद्दाम नोयतं केलं. ते पुस्तक मी उर्दूत वाचेल होतं, योगायोगानं. चिठ्ठी फुटली, तू दुकानात उभी राहून टाळ्या वाजवल्या. पोस्टात सगळ्याइले सांगितलं. भावना, मले जिंदगीत कोणी हुशार म्हटलं नोयतं. शाळेत उर्दूवाले म्हणायचे, मराठीची बाई हाय. मराठीवाले म्हणायचे, उर्दू शाळेतली हाय. तू एकटी होती..."

"खरं सांग. एक तरी खुनी तुह्या डोक्यानं सापडला का?"

"नाई." त्या खाली बघत होत्या. "एकबी नाई. तुहे तर दहातले तीन लागायचे. मले कायी सुचायचंच नाई."

भावनाबाई ओरडल्या. "अवो, पुस्तकात फसवलं असतं नं तू मले, तर मी हसली असती! जन्मभर हसली असती! पण मी तुले आईच्या एकदाणीचं विचारलं होतं. माह्या घरात मयत होती. तवा तरी म्हणायचं होतं, मले नाई माहीत!"

"तू कशी पाहून राहिली होती माह्याकडं," शाहीनबाई म्हणाल्या. "तुले नाई म्हणायची हिंमतच झाली नाई. वाटलं, कोणाचं तरी नाव पायजे हिले. वाचेल पुस्तक डोक्यात होतं, तेच तोंडातून गेलं. मले काय माहीत, तू चार लोकाइत जाऊन बोलशीन? दुसऱ्या दिवशी सांगायले आल्ती मी. तं ते निंघून गेल्ते."

"मंग अकरा वर्षं?"

 शाहीनबाई रडायला लागल्या, आणि रडता रडता एक गोष्ट बोलून गेल्या, जी त्यांनी बोलायला नको होती, किंवा कदाचित बोलायलाच हवी होती.

"पण तूबी मले कवाच 'कशावरून' असं विचारलं नाई, भावना. बत्तीस वर्षांत एक डाव नाई. दरवेळी नुसतं, कोण? कोण?"

भावनाबाईंनी चिठ्ठ्या पिशवीत भरल्या. पुस्तक तिथंच राहिलं. निघताना त्या एकच वाक्य बोलल्या, "आता माह्या घरी येऊ नको."  बत्तीस वर्षांत ह्या बाईशिवाय त्यांनी दुसरी मैत्रीण केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या अमरावतीला गेल्या. गाडीत त्यांनी चार वाक्यं घोकली, बडनेऱ्यापर्यंत ती पक्की झाली. पत्ता विचारावा लागला नाही. अकरा वर्षांपूर्वी सुगतनं आपलं टपाल अमरावतीला वळवायचा अर्ज पोस्टात दिला होता, त्यावरून तो त्यांना पाठ होता.

दार प्राजक्तानं उघडलं. केस पांढरे झाले होते. ती आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन आली. दारात आलेल्याला पाणी विचारायचं, ते तिनं विचारलं. बसा मात्र म्हणाली नाही.

घोकलेली चार वाक्यं भावनाबाईंना आठवली नाहीत. "प्राजक्ता, माही चूक झाली," त्या म्हणाल्या. "एकदाणी तू नाई घेतली."

"सापडली का?"

"नाई."

"मंग कोणी नेली ते कयलं का?"

"नाई. ते कवाच कयणार नाई आता."

"मंग मी नाई घेतली, हे कशावरून म्हणून राहिल्या तुमी?"

भावनाबाई सगळं सांगू लागल्या. गोणी, सह्या, तारखा, सातवं पुस्तक, शाहीननं कसं कबूल केलं की तिला काहीच माहीत नव्हतं. प्राजक्ता दाराला टेकून ऐकत होती.  आतल्या खोलीत कुणीतरी तरुण मुलगी फोनवर हसत होती, आणि भावनाबाईंचं लक्ष सांगता सांगता तिकडं जात होतं. सांगून झालं.

"म्हंजे शाहीनबाईनं म्हटलं म्हून मी चोर होती," प्राजक्ता म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आता शाहीनबाईनं म्हटलं म्हून मी चोर नाई."

भावनाबाईंनी पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"ताई, मीबी तवा सांगितलं होतं. तुमच्या समोर उभं राहून. तुमाले आठवते का मी काय म्हटलं होतं ते?"

"आठवते."

"मंग माह्या त्या शब्दासाठी या कवा. त्याच्यासाठी आल्या तं बसा म्हणीन."

तिनं रिकामा पेला भावनाबाईंच्या हातातून घेतला आणि दार लोटलं. आपटलं नाही, नुसतं लोटलं. भावनाबाई पायरीवर उभ्या राहिल्या. आतलं हसणं थांबलं आणि त्या मुलीनं विचारलेलं ऐकू आलं, "आई, कोण होतं?"

प्राजक्तानं काय उत्तर दिलं, ते बाहेर ऐकू आलं नाही.